‘कारखाना’ आणि ‘वखार’ : जुन्या मराठीतील अर्थ व सुरतेच्या इतिहासाचे अध्यापन

प्रस्तावना

जुने कागद व बखरी वाचताना कठीण शब्दांमुळे होणारी अडचण तात्पुरती असते. अपरिचित शब्द समोर आला की विद्यार्थी थांबतो, कोश पाहतो किंवा शिक्षकांना विचारतो. खरी अडचण रोजच्या वापरातील शब्दांची आहे. शब्द ओळखीचा असल्याने विद्यार्थी तेथे थांबत नाही. आजचा अर्थ मनात धरून पुढे जातो आणि वाक्य समजल्याचे समाधानही त्याला मिळते. प्रत्यक्षात तीनशे वर्षांपूर्वी त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. ‘कारखाना’ हा अशा शब्दांपैकी एक होय.

सुरत शहरात या शब्दाला विशेष महत्त्व आहे. येथे यंत्रमाग, जर आणि हिरे यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्याबरोबर मराठी माध्यमही आहे. अशा घरांतून पुढे महाविद्यालयात आलेला विद्यार्थी ‘कारखाना’ हा शब्द लहानपणापासून ऐकत असतो. वडील जेथे पाळी करतात ती जागा म्हणजे कारखाना. हाच विद्यार्थी इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात वाचतो की, इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेत ‘फॅक्टरी’ उघडली. तो मनातल्या मनात त्याचे भाषांतर करतो : इंग्रजांनी सुरतेत कारखाना काढला. भाषांतर कोशाप्रमाणे बरोबर दिसते, परंतु त्यातून उभे राहणारे इतिहासाचे चित्र सर्वस्वी चुकीचे असते.

प्रस्तुत लेखात ‘कारखाना’ या शब्दाचा जुन्या मराठीतील अर्थ, ‘फॅक्टरी’ या शब्दाचा त्या काळातील अर्थ, त्यासाठी मराठीने वापरलेला ‘वखार’ हा शब्द आणि या फरकाचे अध्यापनातील महत्त्व यांचा विचार केला आहे.

शब्दाची घडण

‘कारखाना’ हा फारसी शब्द आहे. ‘कार’ म्हणजे काम व ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा. फारसीतील ‘कार’ आणि संस्कृतातील ‘कृ’ धातूपासून झालेले ‘कार’, ‘कार्य’ हे शब्द एकाच प्राचीन कुळातील आहेत. त्यामुळे हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा पूर्वार्ध कानाला परका वाटण्याचे कारण नव्हते. ‘खाना’ हे उत्तरपदही मराठीत इतके रुळले की दवाखाना, छापखाना, कैदखाना असे शब्द मराठी माणूस विचार न करता वापरतो.

घडणीवरून शब्दाचा अर्थ ‘कामाची जागा’ एवढाच निघतो. काम कोणते, कोणासाठी आणि कोणाच्या मालकीचे, हे शब्द सांगत नाही. काळाप्रमाणे बदलले ते नेमके हेच. उर्दूमध्ये ‘कारखाना-ए-कुदरत’ असा प्रयोग आहे. त्याचा अर्थ निसर्गाचा किंवा सृष्टीचा सारा व्यवहार असा होतो. तेथे यंत्र नाही, मजूर नाही आणि विक्रीचा मालही नाही. शब्दाचा मूळ विस्तार किती मोठा होता हे या प्रयोगावरून कळते.

सुलतान व मोगल यांचे कारखाने

दिल्लीच्या सुलतानांच्या काळात ‘कारखाना’ हा राजगृहाच्या व्यवस्थेतील शब्द होता. फिरोजशाह तुघलक (राज्यकाल १३५१ ते १३८८) याच्या पदरी ३६ कारखाने असल्याची नोंद शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने केली आहे. या कारखान्यांत हत्ती व घोड्यांचे तबेले होते, स्वयंपाकघर होते, कपडे व तंबू यांचे विभाग होते. त्यांची विभागणीही दोन प्रकारांत केलेली होती. जनावरांचा चारा, स्वयंपाकाचा शिधा असा ठराविक नेमणुकीचा खर्च ज्यांना लागे ते एका वर्गात आणि ज्यांचा खर्च गरजेप्रमाणे बदले ते दुसऱ्या वर्गात. हत्तीच्या तबेल्याला आज कोणी कारखाना म्हणणार नाही. त्या काळी तो कारखानाच होता, कारण तेथे सुलतानाच्या खर्चाने काम चाले, माणसे नेमलेली असत आणि हिशेब द्यावा लागे.

मोगल काळात ही व्यवस्था अधिक विस्तारली. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात खजिना, टांकसाळ, स्वयंपाकघर, सुगंधी द्रव्ये, वस्त्रे, शस्त्रे, हत्ती, घोडे, इमारती अशा बादशाही घराच्या विभागांचे वर्णन आहे. यांतील काही विभागांत वस्तू तयारही होत. फ्रेंच प्रवासी बर्निये याने औरंगजेबाच्या काळात दिल्लीच्या किल्ल्यातील कारखाने पाहून लिहिले आहे की, एका दालनात भरतकाम करणारे, दुसऱ्यात सोनार, तिसऱ्यात चित्रकार, अन्यत्र सुतार, कातारी, शिंपी, मोची व रेशीम विणणारे काम करीत. म्हणजे कारखान्यात उत्पादन होत होते. मात्र ते बाजारासाठी नव्हते. माल बादशहाच्या वापरासाठी, खिलतीसाठी आणि नजराण्यांसाठी तयार होत असे.

या सर्व कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास मीर-ए-सामान किंवा खान-ए-सामान म्हणत. हा मोठा दरबारी अधिकारी असे. याच पदनामापासून आजचा ‘खानसामा’ हा शब्द आला आणि त्याचा अर्थ आचारी असा संकोचला. एकाच व्यवस्थेतील दोन शब्द कसे वेगवेगळ्या दिशांनी गेले याचे हे बोलके उदाहरण आहे. ‘कारखाना’ राजवाड्यातून बाहेर पडून उद्योगाचा शब्द झाला आणि ‘खान-ए-सामान’ स्वयंपाकघरात जाऊन बसला.

मराठी राज्यातील अठरा कारखाने

मराठी राज्यव्यवस्थेच्या जुन्या वर्णनांत ‘अठरा कारखाने आणि बारा महाल’ असा उल्लेख येतो. याद्यांमध्ये थोडाफार फरक असला तरी अठरा कारखान्यांत सामान्यतः पुढील नावे आढळतात : खजिना, जवाहिरखाना, जामदारखाना, अंबरखाना, मुदपाकखाना, आबदारखाना, शरबतखाना, तोफखाना, दारूखाना, दफ्तरखाना, नगारखाना, तालीमखाना, फरासखाना, पीलखाना, उष्टरखाना, शिकारखाना इत्यादी.

यांतील काही नावांचा अर्थ पाहिला म्हणजे ‘कारखाना’ शब्दाचा जुना अर्थ स्पष्ट होतो. अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार. पन्हाळगडावरील अंबरखाना आजही पाहावयास मिळतो. मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर. अरबी ‘मत्बख’ या शब्दाला मराठी जिभेने ‘मुदपाक’ असे रूप दिले आणि त्यात ‘पाक’ हा ओळखीचा शब्द आणून बसवला. आबदारखाना म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. जामदारखाना म्हणजे मूल्यवान वस्त्रे व वस्तू ठेवण्याची जागा. फरासखाना म्हणजे तंबू, सतरंज्या व बिछायतीचा विभाग. पुण्यातील फरासखाना हे नाव त्याच अर्थाची आठवण आहे. पीलखाना म्हणजे हत्तींचा आणि उष्टरखाना म्हणजे उंटांचा विभाग. दारूखाना म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचा साठा. जुन्या मराठीत ‘दारू’ या शब्दाने प्रायः हाच स्फोटक पदार्थ अभिप्रेत असतो, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते. मुंबईतील दारूखाना या भागाचे नाव याच अर्थाने पडलेले आहे.

या यादीत साठवण आहे, देखभाल आहे, जनावरांची निगा आहे, कागदपत्रे आहेत, व्यायामही आहे. आज ज्याला कारखाना म्हणतात तसे उत्पादन जवळजवळ नाही. याउलट बारा महालांची यादी पाहावी : पोते, सौदागीर, पालखी, कोठी, इमारत, वहिली, पागा, सेरी, दरुनी, थट्टी, टांकसाळ, छबिना. यात टांकसाळ आहे. धातू वितळवून, ठसे मारून, एकसारखी नाणी मोठ्या संख्येने तयार करणारी टांकसाळ ही आजच्या अर्थाने कारखान्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा. ती कारखान्यांच्या यादीत नसून महालांच्या यादीत आहे. त्या काळच्या माणसाच्या मनात ‘कारखाना’ या शब्दाशी माल तयार करण्याची कल्पना अनिवार्यपणे जोडलेली नव्हती, याचा यापेक्षा चांगला पुरावा देता येणार नाही.

दुसरा पुरावा ‘राज्यव्यवहारकोश’ या ग्रंथातून मिळतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास, राज्यकारभारातील फारसी व अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी हा कोश तयार करण्यात आला. त्याचे दहा वर्ग आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे नाव ‘कार्यस्थानवर्ग’ असे आहे. ‘कार’ला कार्य आणि ‘खाना’ला स्थान, असे हे सरळ रूपांतर दिसते. पर्याय देणारा शब्दाचा अर्थ आधी आपल्या मनाशी ठरवतो. कोशकारांनी निर्मिती, शिल्प किंवा उद्योग दर्शविणारा शब्द न घेता ‘कार्यस्थान’ हा शब्द घेतला, यावरून त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ लक्षात येतो. पुढे व्यवहारात ‘कार्यस्थान’ रुजले नाही आणि ‘कारखाना’ टिकून राहिला, हा भाषेचा स्वभाव म्हणावा लागेल.

कारखानीस कोण होता?

किल्ल्याच्या व्यवस्थेत हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा याचे मराठी रूप आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही आडनावे त्याच घडणीची आहेत. कारखानीस म्हणजे कारखान्याचा हिशेब लिहिणारा. किल्ल्यावरील धान्य, गवत, दारूगोळा व इतर सामान यांची आवक-जावक त्याच्याकडे असे.

आजचा विद्यार्थी ‘कारखानीस’ या शब्दाचा अर्थ ‘कारखान्याचा व्यवस्थापक’ असा करतो. तसा अर्थ घेतल्यास किल्ल्यावर एखादा उद्योग चालत होता असे वाटते आणि या अधिकाऱ्याचे खरे महत्त्व झाकले जाते. वेढा पडल्यावर किल्ला किती दिवस तग धरील, हे तटाच्या उंचीइतकेच कोठारातील धान्यावर अवलंबून असे. त्या धान्याची नोंद ज्याच्या हाती, त्याची चूक किंवा लबाडी साऱ्या शिबंदीच्या जिवावर बेतू शकत होती. म्हणूनच अधिकार एका हाती न ठेवता तो हवालदार, सरनौबत, सबनीस व कारखानीस यांच्यात वाटून दिला होता. शब्दाचा जुना अर्थ कळल्याशिवाय या रचनेमागचा विचार कळत नाही.

सुरतेची ‘फॅक्टरी’ म्हणजे काय?

आता दुसऱ्या शब्दाकडे वळता येईल. ‘फॅक्टरी’ हा शब्द ‘फॅक्टर’ या शब्दावरून आला. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने दूर देशी व्यापार करणारा प्रतिनिधी. पोर्तुगीज भाषेत त्यालाच ‘फेइतोर’ आणि त्याच्या ठाण्याला ‘फेइतोरिया’ म्हणत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘करणे’ असा आहे. मराठीत त्याच्या जवळचा शब्द शोधायचा तर ‘गुमास्ता’ हा होय. म्हणजे ‘फॅक्टरी’ याचा त्या काळचा अर्थ ‘गुमास्त्यांचे घर’ असा होतो. येथे एक योगायोग घडला आहे. ‘फॅक्टरी’ शब्दाच्या मुळाशी ‘करणे’ आहे आणि ‘कारखाना’ शब्दाच्या मुळाशीही ‘करणे’ आहे. त्यामुळे दोन्ही शब्द पहिल्यापासून एकमेकांचे प्रतिशब्द असावेत असा भास होतो. सतराव्या शतकात ते तसे नव्हते.

विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेस आला. १६१२ मध्ये सुवाली येथे इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांना तोंड दिले आणि त्यानंतर बादशहा जहांगीर याच्या परवानगीने सुरतेत इंग्रजांचे ठाणे कायम झाले. लवकरच डच आले. फ्रेंचांनी १६६८ मध्ये भारतातील आपले पहिले ठाणे सुरतेतच उघडले. या ठाण्यांत प्रेसिडेंट, मर्चंट, फॅक्टर, रायटर व अप्रेंटिस अशा श्रेणींची माणसे राहत. तेथे माल पाहणे, मोजणे, गासड्या बांधणे, साठवणे, पत्रे व हिशेब लिहिणे ही कामे चालत. एकत्र जेवण आणि प्रार्थना यांची सोयही त्याच इमारतीत असे. कापड मात्र तेथे विणले जात नव्हते.

कापड विणले जात होते ते सुरत, नवसारी, भरूच, अहमदाबाद, बऱ्हाणपूर येथील हिंदू व मुसलमान विणकरांच्या घरांत, त्यांच्या स्वतःच्या मागांवर. व्यापारी दलालांच्या मार्फत विणकराला आगाऊ रक्कम देत. हिला ‘दादनी’ म्हणत. माल तयार झाला की तो ठाण्यात येई आणि जहाजावर चढे. नीळ सरखेजहून येई. इंग्रजांना कर्ज देणारा व माल पुरवणारा वीरजी व्होरा आणि पुढच्या काळात स्वतःची जहाजे समुद्रावर पाठविणारा मुल्ला अब्दुल गफूर हे सुरतेचे व्यापारी होते. इंग्रज हे या बाजारातील अनेक गिऱ्हाइकांपैकी एक होते.

मराठीने दिलेले नाव : वखार

मराठीने या ठाण्याला ‘वखार’ हे नाव दिले. वखार म्हणजे माल साठवण्याची व व्यापाराची जागा. राजापूरची वखार, कारवारची वखार, सुरतेची वखार असे उल्लेख मराठी इतिहासलेखनात सर्वत्र आहेत. खानदेशात धरणगाव येथे इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार उघडली होती. सुरतेतील खानदेशी विद्यार्थ्यांना हे उदाहरण जवळचे वाटेल. हिंदी, उर्दू व गुजरातीत याच अर्थी ‘कोठी’ हा शब्द येतो. या भाषांच्या लेखकांनी परक्या संस्थेला नाव देताना तिचे काम पाहिले आणि आपल्याकडील साठवणीचा शब्द तिला दिला. आज मराठीत ‘वखार’ म्हटले की लाकडाची किंवा कोळशाची वखार डोळ्यांपुढे येते. अर्थ आकुंचित झाला असला तरी साठवणुकीची कल्पना कायम आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात (१७१५) टोपीकरांविषयी सावधगिरीची सूचना आहे. हे इतर सावकारांसारखे निव्वळ व्यापारी नाहीत, त्यांच्या मागे राजे आहेत. वखारीसाठी त्यांना समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्या सूचनेचा आशय आहे. येथे ‘वखार’ऐवजी आजच्या अर्थाचा ‘कारखाना’ कल्पिला तर ही सूचना अनाकलनीय होते. किनाऱ्यावर माल तयार केल्याने राज्याला धोका काय? वखार म्हणजे परक्या सत्तेच्या सशस्त्र माणसांचे वास्तव्याचे ठाणे, हे कळले की धोका कळतो. सुरतेत पुढे तसेच झाले. वखारीत राहणाऱ्या कंपनीने १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला.

वखार म्हणजे मुख्यतः माणसे व माल, हे सुरतेतील आणखी दोन घटनांवरून दिसते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडन व त्याच्या सहकाऱ्यांनी वखारीचा बचाव केला. तो साठवलेल्या मालाचा व स्वतःच्या जिवाचा बचाव होता. १६९५ मध्ये मक्केहून यात्रेकरू घेऊन परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले. सुरत हे हज यात्रेचे बंदर असल्याने शहरात प्रचंड क्षोभ उसळला. तेव्हा मोगल अधिकाऱ्यांनी वखारीतील इंग्रजांना अडकवून ठेवले. वखार ही इंग्रज लोकांना ओलीस धरण्याची सोयीची जागा होती, कारण ते तेथेच राहत होते.

दोन शब्दांची भेट

मग हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द कधी झाले? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पाण्याच्या व नंतर वाफेच्या शक्तीवर सूत काढणाऱ्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्ड येथील गिरणी १७७१ ची आहे. अशा जागांसाठी ‘मॅन्युफॅक्टरी’ आणि पुढे ‘फॅक्टरी’ हा शब्द रूढ होत गेला. व्यापारी ठाण्यांचे महत्त्व त्याच काळात संपत आले आणि शब्दाचा जुना अर्थ मागे पडला.

इकडे राजवाड्यांचे कारखाने राज्यांबरोबर ओसरले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीने मुंबईत यंत्रयुग सुरू झाले. रणछोडलाल छोटालाल यांची अहमदाबादची गिरणी १८६१ मध्ये सुरू झाली. भारतातील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. राज्याच्या विभागाचे नाव म्हणून ‘कारखाना’ शब्दाला काम उरले नव्हते. ‘कामाची जागा’ हा त्याचा घडणीतील अर्थ मात्र शिल्लक होता. नव्या जागेला तो शब्द चिकटला. स्वातंत्र्यानंतर साखर कारखान्यांनी तो ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी नेला. १९४८ च्या कायद्याने त्याला आकडेही दिले : यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार असलेली जागा म्हणजे कारखाना. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा अनुक्रमे वीस व चाळीस करण्यात आली.

म्हणजे इंग्रजी शब्द व्यापाऱ्याच्या ठाण्यातून आणि मराठी शब्द राजाच्या कोठारातून निघाला. दोघे एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या दाराशी भेटले. त्यांचे आजचे नाते खरे आहे. ते मागच्या काळावर लादणे चुकीचे आहे.

सुरतेतच याच्याशी जुळणारे दुसरे उदाहरण मिळते. यंत्रमागाच्या जागेला येथे गुजरातीत ‘खातुं’ म्हणतात. मराठीत ‘खाते’ म्हणजे हिशेबाचे खाते किंवा सरकारी विभाग. मुंबईच्या गिरण्यांत विभागांना साचेखाते, बांधणीखाते असे म्हणण्याची पद्धत होती. हिशेबाचा शब्द विभागाचा झाला आणि विभागाचा शब्द कामाच्या जागेचा झाला. ‘कारखाना’ शब्दाने शतकांपूर्वी केलेला प्रवास ‘खाते’ शब्दानेही केलेला दिसतो.

अध्यापनातील महत्त्व व सूचना

हा केवळ शब्दार्थाचा वाद नाही. इंग्रजांनी सतराव्या शतकात सुरतेत कारखाना काढला, असे एकदा मनात बसले की त्यातून तीन चुकीचे निष्कर्ष आपोआप निघतात. पहिला, उद्योग इंग्रजांनी आणला. दुसरा, येथील विणकर इंग्रजांचे मजूर होते. तिसरा, इंग्रज येथे काही शिकवायला किंवा तयार करायला आले होते. वस्तुस्थिती अशी की, तयार माल येथे होता, तो करणारे हात येथील होते आणि इंग्रज तो विकत घेण्यासाठी आले होते. सुरतेच्या जहाजबांधणीचेच पाहावे. लवजी नसरवानजी वाडिया हे निष्णात जहाजबांधणीकार सुरतेतून १७३६ मध्ये मुंबईला नेले गेले, तेव्हा कंपनीला येथील कसबाची गरज होती. मागावर काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना हा इतिहास बरोबर कळणे, हा त्यांच्या आत्मसन्मानाचाही प्रश्न आहे.

वर्गात पुढील पद्धतीचा उपयोग करता येईल.

१. जुन्या मजकुरात ‘कारखाना’ शब्द आला की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : जागा कोणाच्या मालकीची? तेथून बाहेर काय जाते आणि कोणाकडे जाते? हिशेब कोणाला दिला जातो? मालक राजा, माल राजाच्याच वापराचा आणि हिशेब सरकारात, अशी उत्तरे आली तर जुना अर्थ घ्यावा.

२. इंग्रजी पुस्तकात १८०० पूर्वीच्या भारताच्या संदर्भात ‘फॅक्टरी’ शब्द आला तर मराठीत ‘वखार’ व हिंदी, उर्दू किंवा गुजरातीत ‘कोठी’ हाच प्रतिशब्द प्रथम तपासावा.

३. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश (१९२५) ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या हाताशी असावेत. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी उर्दूत लिहिलेले पुस्तक उर्दू जाणणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल.

४. घरी, कामाच्या जागी व बाजारात ‘कारखाना’, ‘खाते’, ‘वखार’, ‘कोठी’, ‘गोदाम’ हे शब्द कोण कशासाठी वापरतो याची नोंद विद्यार्थ्यांनी करून आणावी. मराठी, उर्दू व गुजराती भाषक विद्यार्थी एका वर्गात असतील तर हा अभ्यास अधिक फलदायी होतो, कारण एकच शब्द तीन घरांत तीन छटांनी येतो.

५. शहरातील स्थळांचा उपयोग करावा. हजच्या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली व आता महानगरपालिकेचे कार्यालय असलेली मुगलसराई, तापीकाठचा किल्ला आणि इंग्रजांच्या जुन्या कबरी ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. राज्य, यात्रा आणि वखार यांचा परस्परसंबंध तेथे प्रत्यक्ष दाखवता येतो.

निष्कर्ष

‘कारखाना’ हा शब्द जुन्या मराठीत राज्याच्या सामानाचा, साठ्याचा व सेवेचा विभाग दर्शवीत होता. ‘फॅक्टरी’ हा शब्द त्याच काळात परदेशी व्यापाऱ्यांच्या ठाण्याचा वाचक होता आणि मराठीने त्याला ‘वखार’ म्हटले. आज ज्याला कारखाना म्हणतात ते काम, म्हणजे बाजारासाठी माल तयार करणे, त्या काळी प्रामुख्याने विणकराच्या घरी चालत होते आणि त्या घराला या दोन्हींपैकी कोणतेच नाव नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात वखारीचे नाव राहिले, राजाच्या कारखान्यांचीही यादी राहिली. कापड विणणाऱ्याचे घर मात्र शब्दांच्या गोंधळात दिसेनासे झाले. ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देणे शिक्षकाला शक्य आहे, आणि त्यासाठी रोजच्या ओळखीच्या शब्दापाशी क्षणभर थांबण्याची सवय लावणे पुरेसे आहे.